थंडरजेटचं सील

सई मुळेला जमत नाही अशी एकही गोष्ट या पृथ्वीवर नव्हती. निदान जानेवारीपासून तरी नव्हती! त्याआधी ती वर्गात ‘हजर मॅडम’ एवढंच बोलायची. मग तिनं इंजेक्शनच्या सिरिंजा जोडून एक क्रेन केली. त्या क्रेननं जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात खडूचा डबा उचलून दाखवला, आणि डब्याबरोबर सईचा आत्मविश्वास जो वर गेला तो खाली यायचं नावच घेईना. डबा मात्र आला. परीक्षकांच्या पायावर.

तर नववीची परीक्षा संपली, मे महिना तापला आणि सईनं स्वयंपाकघरात येऊन घोषणा केली,

“आई, बाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी असं गिफ्ट देणार आहे ना, की ते जन्मभर विसरणार नाहीत!”

उमाताई लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. “शर्ट आण. निळा. चाळीस नंबर.”

“शर्ट! शर्ट कुणी जन्मभर लक्षात ठेवतं का?”

“नाही ठेवत. म्हणून तर घराघरात शांतता आहे.”

सईनं हा इशारा कैरीच्या कोयीसारखा बाजूला टाकला. तिचं ठरलं होतं!

आता बाबांबद्दल सांगायला हवं. वैजनाथ मुळे वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीचे साहेब. बोल्टमध्ये केसाएवढा फरक असला तरी नुसत्या नजरेनं ओळखणार आणि ट्रकभर माल परत धाडणार. असा हा करडा माणूस रविवारी सकाळी आंघोळ करून कपाट उघडायचा आणि लोण्यासारखा वितळायचा. कपाटात होते सदतीस डबे. जुन्या विलायती मोटारींचे प्लॅस्टिकचे मॉडेल किट! म्हणजे डब्यात गाडी नसते, गाडीचे सुटे भाग असतात. ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीची हुबेहूब मोटार तयार.

पण बाबांनी एकही तयार केली नव्हती! डबे काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, वास घ्यायचा, उसासा टाकायचा आणि परत ठेवायचे. देवसुद्धा वर्षातून एकदा पालखीत बसून बाहेर पडतो. या गाड्या डब्यातून बाहेर पडल्या नव्हत्या.

“बाबा, बनवत का नाही तुम्ही?” सईनं एकदा विचारलं होतं.

“बनवू की! रिटायर झाल्यावर. आत्ता वेळ कुठंय?”

आणि या सदतिसांत पट्टराणी होती ‘थंडरजेट’. मागं माशासारखे पंख असलेली लांबलचक उघडी गाडी. बाबा बारावी पास झाले तेव्हा आखातात नोकरीला असलेल्या त्यांच्या मामांनी आणून दिलेली. मामा आता नव्हते. डब्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक मात्र बत्तीस वर्षं जसंच्या तसं होतं.

सईनं दोन अधिक दोन केलं. बाबांना गाडी आवडते. बाबांना वेळ नाही. सईला वेळ आहे. सईला सगळं येतं. म्हणजे, सई थंडरजेट बनवणार!

सोमवारी बाबा कंपनीच्या कामासाठी चेन्नईला गेले. शनिवारी परतणार, रविवारी वाढदिवस. रिक्षा कोपऱ्यावर वळली न वळली तोच सईनं कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि बत्तीस वर्षांचं सील चर्रर्र फाडलं! आत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले शंभरेक भाग, चकचकीत बंपर आणि चार काळे रबरी टायर. टायरवर बारीक उठावाची अक्षरंसुद्धा होती. केवढी कारागिरी!

दोन दिवस ती जेवायलासुद्धा हाका मारूनच आली. भाग नखं कापायच्या यंत्रानं सोडवले. गोंद स्टेशनरीतला. रंग? रंग आईच्या ड्रेसिंग टेबलवर तयारच होता, ‘चेरी रेड’, लवकर वाळणारा. बुधवारी दुपारी थंडरजेट उभी राहिली. आता बारकाईनं पाहिलं तर एक चाक जालन्याकडं निघालं होतं आणि दुसरं पैठणकडं. दार एकच उघडत होतं, तेही मनात आलं तर. शिवाय पाच भाग उरले होते. पण कंपनीवाले जास्तीचे देतातच, शर्टाला नाही का एक बटण जास्तीचं असतं!

उमाताईंनी गाडी हातात घेतली. “अगंबाई, छानच झाली की! आता उरलेल्या छत्तीस पण करून टाक. कपाट मोकळं होईल, मला गाद्या ठेवता येतील.”

सईला आभाळ ठेंगणं झालं. नेमका तेव्हाच बाबांचा फोन आला.

“सई, एक काम कर बाळा. कपाट उघड. थंडरजेटचं सील शाबूत आहे ना बघ. हात लावू नकोस, लांबूनच बघ!”

सईनं लांबूनच बघितलं. सील केराच्या टोपलीत होतं.

“का हो बाबा?”

“अगं, रविवारी तात्यासाहेब येतायत खुलताबादहून! डब्याचा निवाडा करायला!”

आणि मग बाबांनी जे सांगितलं ते ऐकून सई उभी होती ती स्टुलावर बसली, स्टूल नव्हतं तरी.

गोष्ट अशी. थंडरजेट पहिल्यांदा निघाली साठ वर्षांपूर्वी. तो पहिल्या खेपेचा डबा म्हणजे कोहिनूर! नंतर कंपनीनं त्याच साच्यातून पुन्हा पुन्हा खेपा काढल्या, नव्या, स्वस्त, गल्लीबोळात मिळणाऱ्या. डबा तोच, चित्र तेच. फरक फक्त एक. पहिल्या खेपेच्या टायरवर अक्षरं आहेत, नंतरचे टायर गुळगुळीत. आता टायर डब्यात. डबा सीलबंद. सील फोडलं तर डब्याची इज्जत गेली. म्हणजे डबा न उघडण्याच्या लायकीचा आहे की नाही हे कळायला डबा उघडायला हवा, आणि उघडला की तो त्या लायकीचा राहत नाही! या एका मुद्द्यावर ‘सीलबंद मंडळ’ या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अकरा वर्षं चर्चा चालली होती. ग्रुपमध्ये माणसं तीन.

“तात्यासाहेब म्हणतात, माझा डबा नंतरच्या खेपेचा,” बाबा म्हणाले. “म्हणजे मामा माझ्याशी खोटं बोलला! मामानं मला शपथेवर सांगितलं होतं, वैजू, पहिल्या खेपेचा आहे, जीव लावून सांभाळ. तो माणूस मेला, पण त्याचा शब्द त्या डब्यात आहे, सई. रविवारी तात्यासाहेब डबा हलवून, आवाज ऐकून निकाल देणार. या विषयातला मोठा अधिकारी माणूस आहे!”

“बाबा, आणि सील फुटलेलं असलं तर?”



“असं अभद्र बोलू नये बाळा,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

सईच्या क्रेनची नळी फुटली. पण सईच ती! पाच मिनिटं रडली, सहाव्या मिनिटाला कामाला लागली. ग्रुपमधला तिसरा माणूस म्हणजे सिल्लोडचे सलीमभाई. कापसाची जिनिंग चालवायचे आणि मंडळात पाखंडी गणले जायचे, कारण ते डबे चक्क उघडायचे! वर गाड्या बनवून रंगवायचेसुद्धा. सईनं त्यांना फोन लावून सगळं ओकून टाकलं.

पलीकडून दोन मिनिटं नुसता खोकल्यासारखा आवाज आला. सलीमभाई हसत होते.

“नेलपॉलिश? या अल्ला! बेटा, कोट कितने मारे?”

“तीन.”

“दो बस होते ना! खैर. रो नक्को. मेरे पास नवीन खेपेची थंडरजेट हाय, मागच्याच महिन्यात आली. भाग अजून कापले नाहीत. पिशवीत घालून सिल्लोडच्या बसमध्ये कंडक्टरकडं देतो. तुझ्याकडच्या जुन्या डब्यात भर, वर प्लॅस्टिक चढव, खल्लास!”

“पण सलीमचाचा, त्याचे टायर गुळगुळीत असतील ना?”

“हौ. पण तो डबा खोलणार कोण? तेरे बाप? अरे, तो स्वतःचा चष्म्याचा डबा खोलताना पण रडतो!”

गुरुवारी बसस्टँडवर पिशवी मिळाली. सईनं जुन्या डब्यात नवे भाग लावले, वर जुना माहितीचा कागद होता तसाच घडीबंद ठेवला. ते उरलेले पाच तुकडेही आत टाकले, उगाच वाया का घालवा! राहिलं सील. त्यासाठी ती डबा ओढणीत गुंडाळून गुलमंडीत गेली. तिथं एका बोळात गीताबाईंचं दुकान. लग्नातल्या रुखवताच्या परड्या, शालू, लाडूंची ताटं, काहीही द्या, गीताबाई त्यावर प्लॅस्टिक चढवायच्या आणि गरम हवेचं मशीन फिरवून असं घट्ट बसवायच्या की लाडवाला श्वास घेता येऊ नये.

“कुणाचं लगीन हाय गं?” गीताबाईंनी विचारलं.

“लग्न नाही. बाबांसाठी आहे.”

“बापाचं लगीन? आईला ठावं हाय का?”

“अहो नाही! वाढदिवस आहे!”

“मंग सरळ सांग की! माझा जीव खाली-वर झाला.” मशीन घरघरलं. प्लॅस्टिक डब्याला कातडीसारखं चिकटलं. अप्रतिम! सई आनंदानं डोळे मिटून उघडते तोच गीताबाईंनी सवयीनं खालच्या बाजूला सोनेरी ‘शुभविवाह’चा स्टिकर थापला आणि वर गुलाबी रिबिनीचं फूल बसवलं.

“काकू! हे कशाला?”

“असू दे गं, लई शोभतं. त्याचं काय बी घेत नाय मी.”

घरी येऊन फूल निघालं. स्टिकरही निघाला, पण त्याचा चिकटा निघेना. खोबरेल लावलं तेव्हा चिकट डागाचा तेलकट चिकट डाग झाला. शेवटी सईनं त्याच्यावर कपाटामागची धूळ चोळली आणि डबा जागेवर ठेवून दिला. तयार गाडी चपलांच्या खोक्यात घालून पलंगाखाली ढकलली. गिफ्ट म्हणून उमाताईंनी निळा शर्ट आणून ठेवलाच होता, चाळीस नंबर.

आईनं सगळं ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाली, “मी यात नाही.”

रविवारी दहाला तात्यासाहेब आले. खुलताबादच्या शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. पांढरे कपडे, खिशात भिंग, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर धुतो तसे कोपरापर्यंत हात धुऊनच बसले. चहा नको म्हणाले. “आधी कर्तव्य.”

बाबांनी डबा आणला. तान्ह्या बाळासारखा. सई दाराच्या चौकटीला इतकी घट्ट धरून उभी होती की कुणाला वाटावं घर तिनंच पेललंय!

तात्यासाहेबांनी डबा हुंगला. “हं. जुना वास.”

तो खोबरेल तेलाचा होता.

मग डबा उलटा केला. भिंग लावलं. धुळीचा चिकट डाग!

“वैजनाथराव!” तात्यासाहेब कुजबुजले. “हे काय आहे माहितीये का? दुकानदाराच्या स्टिकरची खूण! हा गोंद हल्लीचा नव्हे. हा साठ वर्षांपूर्वीचा अमेरिकन गोंद!”

गुलमंडीच्या गीताबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी दुकानावर पाटी लावली असती.

“बघा!” बाबांच्या चेहऱ्यावर दिवाळी.

“थांबा. टायर बोलले पाहिजेत.” तात्यासाहेबांनी डोळे मिटले, डबा कानाशी नेला आणि हळूच हलवला. खोलीत पंखासुद्धा बंद केलेला. मे महिना! चौघांच्या कपाळावरून घाम निथळतोय आणि तात्यासाहेब डबा ऐकतायत. “गुळगुळीत टायर सरसर करतात. अक्षरांचे टायर खरखर करतात. हा आवाज...”

आतून सईचे पाच जास्तीचे तुकडे प्रामाणिकपणे खडखडले.

“खरखर! स्पष्ट खरखर! पहिली खेप!” तात्यासाहेबांनी डबा ठेवला आणि बाबांपुढं हात जोडले. “वैजनाथराव, अकरा वर्षं मी तुमच्या मामांवर संशय घेतला. मला माफ करा. तो माणूस सोनं होता.”

बाबांचे डोळे भरून आले. सईचेही आले, वेगळ्या कारणानं. झालं! सुटलो! आता चहा, पोहे, तात्यासाहेबांची रिक्षा...

“फक्त एक विनंती,” तात्यासाहेब म्हणाले. “माझं वय चौऱ्याहत्तर. ती अक्षरं मी नुसती ऐकत आलोय. मरण्याआधी एकदा डोळ्यांनी बघायची आहेत.”

“नको!” सई अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. “बाबा, सील! सील फोडायचं नसतं! इज्जत जाते!”

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांचा ऊर भरून आला.

“बघितलंत तात्यासाहेब? या वयात एवढी जाण! सदतीस डबे मी कुणासाठी ठेवतोय असं लोक विचारतात. हिच्यासाठी!”

सईला वाटलं, जमीन दुभंगावी. पण सिडकोतलं बांधकाम, नको तेव्हाच दुभंगतं.

“पण आज तो नियम नाही बाळा,” बाबा म्हणाले. “आज मामाचा शब्द खरा ठरलाय. या माणसानं हात जोडले माझ्यापुढं. आज उघडू!” आणि बाबांनी, ज्यांनी बत्तीस वर्षं त्या डब्यावर माशी बसू दिली नव्हती, सुरी घेतली आणि प्लॅस्टिक कापलं.

झाकण निघालं. तात्यासाहेबांनी चिमटीत टायर उचलला. भिंग लावलं. टायर फिरवला. अजून फिरवला.

टायर गुळगुळीत. गालावरून हात फिरवल्यासारखा!

तात्यासाहेबांनी टायर परत ठेवला, मेलेल्या चिमणीला ठेवावं तसा. बाबा खुर्चीत बसले. त्यांच्या हातातलं झाकण हळूहळू खाली गेलं.

“म्हणजे मामा खोटं बोलला,” बाबा म्हणाले. रागानं नाही. तेच वाईट होतं. “बाजारातला कुठलातरी डबा उचलला आणि मला शपथ घातली. आणि मी वेडा... जाऊ दे. उमा, चहा टाक.”

उमाताई हलल्या नाहीत. त्या सईकडं बघत होत्या.

खरं तर सई इथं गप्प राहिली असती तर सगळं कायमचं मिटलं असतं. सील बाबांनीच फोडलं होतं, साक्षीदारांसमोर! कुणी तिच्याकडं बोटही दाखवलं नसतं. फक्त एक मेलेला माणूस खोटा ठरला असता, आणि तो काही उलट बोलणार नव्हता.

सई आत गेली. पलंगाखालून खोकं ओढलं. बाहेर आली आणि बाबांच्या मांडीवर लालभडक थंडरजेट ठेवली.

“मामा खोटं बोलले नाहीत,” ती म्हणाली. “मी बोलले.”

आणि मग सिरिंजपासून सिल्लोडपर्यंत आणि नेलपॉलिशपासून शुभविवाहापर्यंत सगळं एका दमात बाहेर पडलं. मध्ये एकदा बाबांनी “कर्कटक?” एवढंच विचारलं आणि डोळे मिटले.

तात्यासाहेबांनी गाडी उचलली. उलटी धरली. भिंग लावलं. जालन्याकडं निघालेलं चाक फिरवलं. मग पैठणकडं निघालेलं.

“अक्षरं आहेत,” ते म्हणाले. “वैजनाथराव, अक्षरं आहेत! पहिलीच खेप! अस्सल!”

बाबांनी डोळे उघडले. एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं की माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते, म्हणजे शिंक अडकल्यासारखे. मामा खरा ठरला होता! आणि मामाची गाडी चेरी रेड झाली होती!

“दुःख करू नका,” तात्यासाहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले. “पहिल्या खेपेचा सीलबंद डबा मराठवाड्यात दोघांकडंच होता. एक तुमच्याकडं.”

“आणि दुसरा?”

“माझ्याकडं,” तात्यासाहेब म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की तो लपवता येईना; त्यांनी लगेच चहा मागितला, वर दोनदा पोहे घेतले. जाताना सईला आशीर्वाद दिला, मनापासून!

ते गेल्यावर बाबांनी लाल गाडी खिडकीशी नेली. क्वालिटीच्या साहेबांची नजर बंपरपासून पंखापर्यंत फिरली. सई शिक्षेची वाट बघत उभी. आता मोबाईल जाणार. नाहीतर सुट्टीतला वर्ग लागणार. कदाचित दोन्ही.

बाबांनी गाडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बोटानं हळूच ढकलली. ती चार इंच गेली, डावीकडं वळली आणि कुंडीला धडकून थांबली. बाबांनी ती परत जागेवर आणली. परत ढकलली. तिसऱ्यांदा ढकलली तेव्हा उमाताई सईला हळूच म्हणाल्या, “शर्ट उद्या दिला तरी चालेल.”

मग बाबा टेबलाशी आले. तिथं उघडा डबा होता, नव्या खेपेचा, बिनइज्जतीचा. त्यांनी एक चौकट उचलली, उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. घसा खाकरला. आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

“सई... हे सुरू कुठून करायचं असतं गं?”

बत्तीस वर्षं! सदतीस डबे! अकरा वर्षांची चर्चा! आणि या माणसाला गाडी कशी बनवतात हेच माहीत नव्हतं! सईची मान आपोआप ताठ झाली. तिनं खुर्ची ओढली, बाह्या वर सारल्या आणि प्रदर्शनातल्या परीक्षकांशी बोलली होती त्या आवाजात म्हणाली,

“सोपं आहे बाबा. सगळ्यात आधी तो माहितीचा कागद नीट वाचायचा.”

“बरं. काय लिहिलंय त्यात?”

सईनं डब्यातला कागद काढला. तो साठ वर्षांपूर्वी छापला होता, आणि त्याची घडी आजवर कुणीच मोडली नव्हती.